बैठकीला नव्याने येणाऱ्या मैत्रिणीस
घरातील आजारपण, नोकरी आणि मुलांचे शिक्षण यांचा भार एकाच वेळी अंगावर आला असताना महिलांच्या बैठकीसाठी वेळ काढणे तुम्हाला चैन वाटेल. तरीही नेमक्या अशाच काळात तुम्ही यावे, असे मला मनापासून वाटते. पहिल्या दिवशी काही बोललेच पाहिजे, असे मुळीच नाही. नुसते ऐकत बसलात तरी, ज्या थकव्याला तुम्ही स्वतःची कमतरता समजत होता तो इतर कित्येक जणींनीही सोसला आहे, हे कळते आणि तेवढ्यानेच मनावरचा ताण पुष्कळ हलका होतो. बोलावेसे वाटेल तेव्हा मात्र तुम्हाला सल्ला हवा आहे की कोणी केवळ ऐकून घ्यावे एवढीच अपेक्षा आहे, हे आधीच स्पष्ट सांगा. कारण आपुलकीपोटी केलेल्या सूचनांचेही कधी कधी ओझे होते. इतरांचे ऐकलेले बाहेर बोलू नये, हा नियम कसोशीने पाळा. मदत मागताना ती नेमकी मागा: "एखाद्या दुपारी दोन तास आजाऱ्याजवळ बसाल का?" असे विचारले की हो म्हणणे सोपे जाते. मात्र झोप पार उडाली असेल किंवा जगणेच नकोसे वाटत असेल, तर बैठकीच्या भरवशावर न राहता डॉक्टरांना त्वरित भेटा. एकटीने जाणे जड वाटले, तर आमच्यापैकी कोणीही सोबत येईल.