इंग्रजी निबंधाला २० पैकी १० पडले म्हणून

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला आणि मुलीच्या वहीचे फोटोही मोठे करून बघितले. मुलगी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात मराठी माध्यमात नववीला आहे, इंग्रजी द्वितीय भाषा. यंदा आलेले नवे सर दर शनिवारी सकाळच्या शाळेत वर्गातच निबंध लिहून घेतात. आतापर्यंत तीन झाले, २० पैकी मार्क पडले ९, ० आणि १०. शून्य पडलं ते गाइडमधला निबंध पाठ करून जसाच्या तसा उतरवला म्हणून. आठवीत हिलाच १७-१८ पडायचे. आता तुम्ही विचारताय की हेडमास्तरांकडे तक्रार करावी की ट्यूशन बदलावी.

मी बेळगाव तालुक्याच्या पश्चिम भागात हायस्कूलला ३१ वर्षं इंग्रजी शिकवलं. माझं मत आधीच सांगून टाकते, दोन्ही करू नका. शाळेत मात्र जा, आणि सरांना एवढंच विचारा की हे २० मार्क कशाकशाला आहेत. मुलीला हे लिहायला बसण्याआधी माहीत असायला हवं. ते माहीत नसेल तर १० काय आणि १८ काय, त्या आकड्यावरून तिला काहीच कळत नाही.

आठवीतल्या १८ वरून नववीत १० वर आली म्हणजे मुलगी मागे पडली, असं धरून चालू नका. आठवीतले मार्क पाठांतराचे होते. निबंध गाइड लिहिणाऱ्याचा, हिनं तो न चुकता उतरवला, एवढंच तपासलं गेलं. आताचे १० तिच्या स्वतःच्या इंग्रजीचे आहेत. ते पहिल्यांदाच कागदावर आलंय, म्हणून तुम्हाला धक्का बसला.

इथे माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती अजून माझ्या मनातून जात नाही.

दहावीच्या वर्गात एका मुलानं दसऱ्याच्या सुट्टीआधी 'माय एम इन लाइफ' लिहून दिला होता. डॉक्टर होणार, गोरगरिबांची सेवा करणार, शेवटी एक इंग्रजी सुविचार. एकही चूक नाही. मी १६ दिले. वर्गातल्या आणखी दहा-बारा जणांना त्याच वाक्यांत डॉक्टर व्हायचं होतं, हे मला दिसत होतं. पण लाल पेन टेकवायलाच जागा नाही म्हटल्यावर मार्क कापणार कुठे?

सुट्टी संपली. आमच्याकडे ते रताळी काढायचे दिवस. मी विषय दिला, सुट्टी कशी घालवली. वही देताना त्याचे हात बघितले, तर नखांच्या कडा, बोटांची पेरं, तळहाताच्या रेघा सगळं काळं पडलेलं. म्हटलं, "हाताला काय लावून घेतलास रे?"

"चीक लागलाय बाई. सुट्टीभर रताळी काढलो. जाईना झालाय."

घरी येऊन वही उघडली. पहिलंच वाक्य होतं, 'द मिल्क ऑफ स्वीट पोटॅटो इज व्हाइट बट माय हँड इज ब्लॅक.' रताळ्याचा चीक पांढरा असतो, माझा हात मात्र काळा. पुढे त्यानं लिहिलं होतं की आधी वेल कापून बाजूला ओढायचा, मग माती उकरायची, रताळं मोडलं की चीक गळतो, आई रात्री हाताला तेल लावते आणि सकाळी परत शेत. शेवटचं वाक्य, 'टुमॉरो स्कूल सो आय रब हँड ऑन स्टोन.' उद्या शाळा आहे म्हणून मी हात दगडावर घासतोय.

त्या एका पानात मी १४ चुका मोजल्या आणि ९ मार्क दिले.

तो काही बोलला नाही. पुढचा निबंध प्रदूषणावर होता, तो आला गाइडमधून, अगदी स्वच्छ. मी विचारलं, तुझं तू का लिहिला नाहीस? म्हणाला, "माझं लिवलं की नऊच पडत्यात की बाई." त्यानं काय चूक केली? मी मार्क देऊन जे शिकवलं तेच तो शिकला होता.

त्या दिवाळीत मी मार्कांची वाटणी बदलली आणि निवृत्त होईपर्यंत ती प्रत्येक वर्गाच्या फळ्यावर, वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवली. ८ मार्क स्वतःच्या मजकुराला, म्हणजे बघितलेलं, केलेलं, वाटलेलं काही त्यात आहे का. ५ मार्क क्रमाला, एकातून दुसरं निघतं का, परिच्छेद पाडलेत का. ५ वाक्यरचनेला. स्पेलिंग आणि विरामचिन्हं मिळून २. एकच चूक दहा वेळा केली असेल तर मार्क एकदाच कापायचा. आणि लाल खुणा बघून निबंध पुन्हा लिहून आणला तर ३ मार्कांपर्यंत वाढवून द्यायचे. या हिशेबानं रताळ्यांच्या निबंधाला ७, ४, २ आणि १, एकूण १४ पडले असते. डॉक्टरच्या निबंधाला मजकुराचे शून्य धरले तरी बाकीचे १२ पडतात, आणि खरं बघायला गेलं तर त्यातली वाक्यंही त्या मुलाची नव्हतीच.

म्हणून तुमच्या सरांनी शून्य का दिलं ते मला समजतं. तरीही ते मला पटत नाही. गाइडमधला निबंध चालणार नाही हे त्यांनी पहिल्या शनिवारी सांगितलं होतं का, ते मुलीला नीट विचारा. सांगितलं असेल तर शून्य घ्यावं लागेल. सांगितलं नसेल तर तेवढी एक संधी मागण्याचा तुम्हाला हक्क आहे, आणि ती शांतपणे मागा. इतकी वर्षं ज्याला शाबासकी मिळाली त्यालाच अचानक शून्य मिळालं, तर पोरीला कुठला धडा घ्यायचा ते कळत नाही. वर्गातच लिहून घेण्याबद्दल मात्र सरांना दोष देऊ नका. घरी लिहायला दिलं की आता मोबाईलमधून आख्खा निबंध मिळतो, दुसरा इलाज नाही.

बोर्डाच्या परीक्षेबद्दलही तुम्ही लिहिलंय की शेवटी एसएसएलसीला, म्हणजे आपल्या कर्नाटकातल्या दहावीला, निबंधाला मार्क असतात किती. हे खरं आहे. इंग्रजीचा लेखी पेपर ८० चा, २० अंतर्गत. नेहमीच्या नमुन्यात पत्राला ५, निबंधाला ४ आणि चित्रवर्णन, मुद्द्यांवरून गोष्ट, दिलेल्या माहितीवरून व्यक्तिपरिचय या तिन्हीला प्रत्येकी ३. बेरीज १८. यातला पाठ करता येण्यासारखा फक्त ४ मार्कांचा निबंध, आणि पत्राचा सांगाडा. चित्र कुठलं येईल, मुद्दे कुठले येतील हे कुठलं गाइड सांगणार? तिथे स्वतःचं वाक्य जुळवता आलंच पाहिजे. धड्यांवरच्या तीन-चार मार्कांच्या उत्तरांचंही तेच. पाठांतराची जागा वेगळी आहे. कविता तोंडपाठ लिहायला ४ मार्क असतात, ती खुशाल घोकून घ्या, त्यानं जिभेला वळणही लागतं.

आणि पीयूसीला, म्हणजे अकरावी-बारावीला, सायन्स किंवा कॉमर्स घेतलं की सगळी पुस्तकं इंग्रजीतच. मराठी माध्यमातून ८० टक्के घेऊन गेलेली मुलं पहिल्या दोन महिन्यांत गप्प होतात, ती मी बघितली आहेत. हुशार मुलं असतात. फक्त दहा वर्षांत त्यांनी स्वतःहून इंग्रजीचं एक पानही लिहिलेलं नसतं.

आता तुमच्या मुलीचा तिसरा निबंध, आजीवरचा. सरांनी बऱ्याच लाल गोल खुणा केल्यात, खाली १० लिहिलेत आणि एक शब्दाचाही शेरा नाही. ही सरांची कमी आहे, ती मी झाकणार नाही. पण दुसऱ्या परिच्छेदातलं हे बघा, 'माय ग्रँडमदर आइज नॉट सी. शी टच भाकरी अँड नो इट इज रेडी.' आजीला दिसत नाही, भाकरीला हात लावून तिला कळतं की झाली. ताई, नववीतल्या मुलीनं हे टिपलंय! माझ्या वाटणीत याला मजकुराचे ७. क्रमाला २ च देईन, कारण भाकरीचं चालू असताना मध्येच गाय विकल्याचं येतं आणि परत भाकरी येते. वाक्यांना २, स्पेलिंगला १. एकूण १२. म्हणजे सरांनी काही अन्याय केलेला नाही, दोन मार्कांचा फरक आहे.

तिच्या चुका कुठून येतात तेही बघा, म्हणजे धास्ती कमी होईल. 'शी टच' असं लिहिलंय, 'टचेस' पाहिजे. मराठीत करतो, करते, करतोस, करतात असं ज्याला त्याला वेगळं रूप असतं, ते पोरं न चुकता बोलतात. इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात एकट्या ही, शी, इटलाच तो 'एस' लागतो आणि एकच असल्यामुळे निसटतो. 'भाकरी'च्या आधी 'द' नाही, कारण मराठीत तसला शब्दच नाही, आणि तिसरी भाषा म्हणून शिकते त्या कन्नडमध्येही नाही. कर्ता गाळायची सवयही अशीच. 'काल गेलतो बाजारला' म्हटलं की कोण गेलं ते क्रियापदच सांगतं, कन्नडमध्ये 'निन्ने मार्केटगे होगिद्दे' म्हटलं तरी तेच. मग पोर इंग्रजीत 'यस्टर्डे वेंट टू मार्केट' लिहून मोकळं होतं. दोन भाषा चांगल्या येणाऱ्या मुलीच्या या चुका आहेत. त्या मोजक्या आहेत, पुन्हा पुन्हा त्याच येतात, आणि म्हणूनच दुरुस्त होतात. वहीच्या शेवटच्या पानावर तिला स्वतःच्या चुकांची यादी करू द्या, पाच-सहाच निघतील. दर आठवड्याला त्यातली एकच धरायची. या शनिवारी फक्त 'एस' बघायचा, बाकी चुकलं तर चुकू दे.

तुम्ही लिहिलंय की तुम्हाला इंग्रजी येत नाही, मग घरात कोण बघणार. इंग्रजी यायची गरज नाही. शुक्रवारी रात्री भाकऱ्या थापताना तिला समोर बसवा आणि एखादी गोष्ट मराठीत सांगायला लावा. ती थांबली की विचारा, मग काय झालं? कुणी बघितलं? तुला काय वाटलं? असं पाच मिनिटं बोललं की क्रम आपोआप लागतो, आणि तिला ज्याचे २ पडले ते तिथेच सुधारतं. कडोली, उचगाव, येळ्ळूर अशा गावांत मराठी साहित्य संमेलनं भरतात, शेतातली कामं उरकून माणसं मांडवात येऊन बसतात. सांगायची आणि ऐकायची आवड आपल्याकडे आहेच, ती वहीपर्यंत यायला हवी.

ट्यूशनचं म्हणाल तर जिथे 'हे २० निबंध पाठ करा' असं सांगतात, तिथले पैसे वाचवा. त्या पैशात एक चांगला इंग्रजी-मराठी शब्दकोश येईल.

शाळेत जाताना वही बरोबर न्या. मार्क वाढवून मागू नका. मार्कांची वाटणी विचारा, प्रत्येक निबंधाखाली एका ओळीचा शेरा मागा, आणि दुरुस्त करून पुन्हा लिहिलेला निबंध सर बघतील का ते विचारा. मला वाटतं सर खूश होतील. दर आठवड्याला वर्गाच्या वह्या घरी नेऊन तपासणाऱ्या माणसाला अशी विचारणा करणारे पालक क्वचित भेटतात.

आजीचा निबंध तिच्याकडून पुन्हा लिहून घ्या. गाय एक तर काढून टाकायची, नाहीतर तिला स्वतंत्र परिच्छेद द्यायचा. लिहून झाला की दोन्ही पानांचे फोटो इथेच टाका, मी बघते.