मामांना सिरॉसिस आहे, भ्रूणाच्या स्टेम सेल्सपासून लॅबमध्ये नवं लिव्हर तयार करून बसवतात हे खरं आहे का?

तुम्ही लिहिलंय की डॉक्टरांनी ट्रान्सप्लांट सांगितलंय आणि एक क्लिनिक म्हणतंय की काही लाख भरा, स्टेम सेलची इंजेक्शनं देऊन लिव्हर नवं करून देतो. आधी स्पष्ट सांगतो, हे पैसे देऊ नका. मी काही वर्षं लॅबमध्ये याच पेशींवर काम केलंय, त्यामुळे काय जमतं आणि काय जमत नाही ते जरा सविस्तर लिहितो.

एम्ब्रियोनिक स्टेम सेल्स म्हणजे आयव्हीएफमध्ये उरलेला, जोडप्याने लेखी संमतीने दिलेला जेमतेम 5-6 दिवसांचा भ्रूण असतो, त्याच्या आतल्या पुंजक्यातून वाढवलेल्या पेशी. माणसाच्या अशा पेशी 1998 मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनला जेम्स थॉमसन यांनी पहिल्यांदा वाढवल्या, आपल्याकडे परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेतही किंड-1 आणि किंड-2 नावाच्या लाइन्स, म्हणजे लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशींचे संच, तयार झाल्यात. या पेशी शरीरातली कुठलीही पेशी बनू शकतात, पण आपोआप लिव्हर बनत नाहीत. गर्भात जे सिग्नल ज्या क्रमाने मिळतात ते आपण डिशमध्ये त्याच क्रमाने द्यायचे.

पहिले 3 ते 5 दिवस ॲक्टिव्हिन-ए नावाचं सिग्नल देणारं प्रोटीन, साधारण मिलीलीटरला 100 नॅनोग्रॅम. यातून एंडोडर्म तयार होतो, म्हणजे ज्या थरातून पुढे आतडी, फुप्फुसं, स्वादुपिंड, लिव्हर सगळं होतं तो. दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोपखाली बघितलं की ढीगभर मेलेल्या पेशी मीडियात, म्हणजे पेशींच्या पोषक द्रवात, तरंगताना दिसतात, नवीन आलेली पोरं घाबरतात, पण धुऊन नवा मीडिया टाकला की उरलेल्या पेशी पसरायला लागतात. मग बीएमपी-4 आणि एफजीएफ-2, हीसुद्धा सिग्नलची प्रोटीनं. गर्भात एफजीएफचा हा निरोप शेजारच्या, नुकत्याच तयार होत असलेल्या हृदयाकडून येतो, म्हणजे लिव्हरची सुरुवातच हृदयाच्या सांगण्यावरून होते, मला हे अजूनही फार भारी वाटतं. नंतर डिशमध्ये एचजीएफ हे आणखी एक सिग्नल-प्रोटीन, शेवटी पेशी पक्व करायला ऑन्कोस्टॅटिन-एम आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. सगळं मिळून तीनेक आठवडे आणि मीडिया जवळपास रोज बदलायचा, मग रविवार असो नाहीतर गणपती.

शेवटी डिशमध्ये बहुकोनी पेशी दिसतात, मधल्या कडा चमकतात, काहींत दोन-दोन केंद्रकं. त्या मीडियात अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रोटीन सोडतात, ग्लायकोजेनच्या रूपात साखर साठवतात. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग टाकला तर पेशी हिरव्या होतात आणि धुऊन काही तासांनी बघितलं तर रंग बाहेर टाकून पुन्हा स्वच्छ झालेल्या असतात, अगदी लिव्हर करतं तसंच.

पण या पेशी मोठ्या माणसाच्या लिव्हरच्या पेशींइतक्या परिपक्व होत नाहीत. एएफपी हे गर्भातल्या लिव्हरचं प्रोटीन त्या बनवतच राहतात आणि बहुतेक औषधं ज्याने पचतात ते सीवायपी-3ए4 एन्झाइम त्यांच्यात फार कमी असतं. त्यामुळे सध्या यांचा मोठा उपयोग औषधांची विषारीता तपासायला आणि लिव्हरचे आनुवंशिक आजार समजून घ्यायला होतोय.

माणसात यांचा वापर झालाय, पण तो कसा ते नीट बघा. टोकियोच्या नॅशनल सेंटर फॉर चाइल्ड हेल्थ अँड डेव्हलपमेंटने 2020 मध्ये जाहीर केलं की 6 दिवसांच्या एका बाळाला अशा 19 कोटी पेशी दिल्या. बाळाच्या लिव्हरला अमोनिया निकामी करता येत नव्हता आणि ट्रान्सप्लांटसाठी ते फार लहान होतं. बाळ ट्रान्सप्लांटएवढं मोठं होईपर्यंतचे महिने पेशींनी निभावून नेले आणि मग वडिलांच्या लिव्हरचा तुकडा बसवलाच. त्या बाळाची तक्रार एका एन्झाइमची होती, लिव्हरची घडण शाबूत होती. सिरॉसिसमध्ये लिव्हर आतून कडक व्रणांनी भरलेलं असतं, रक्ताला धड वाट नसते, अशा जागी नुसत्या पेशी सोडून व्रण जात नाहीत. शिवाय मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये दहा हजार कोटींहून जास्त पेशी असतात, आणि एखादी स्टेम सेल न बदलता राहून गेली तर टेराटोमा नावाची गाठ होण्याचा धोका वेगळाच.

आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांनुसार रक्ताच्या ठराविक आजारांसाठीचं बोन मॅरो ट्रान्सप्लांट वगैरे सोडलं तर स्टेम सेल उपचार फक्त मंजूर क्लिनिकल ट्रायलमध्येच देता येतात आणि ट्रायलमध्ये पेशंटकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. त्या क्लिनिकला सीटीआरआयचा, म्हणजे भारतातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीचा, नोंदणी नंबर विचारा आणि साइटवर स्वतः शोधून बघा.

दरम्यान वेळ घालवू नका. तुम्ही महाराष्ट्रात असाल तर ट्रान्सप्लांट करणाऱ्या हॉस्पिटलमार्फत मामांचं नाव झेडटीसीसीच्या (अवयव वाटप बघणारं विभागीय केंद्र) वेटिंग लिस्टवर घाला, आणि घरात कोणी निरोगी, जुळत्या ब्लड ग्रुपचं, स्वतःहून तयार असेल तर त्यांच्या तपासण्या आत्ताच सुरू करा. दिलेला भाग देणाऱ्याच्या शरीरात काही महिन्यांत बराचसा भरून येतो, ऑपरेशनचा धोका मात्र असतो, तो डॉक्टरांकडून नीट समजून घ्या.