पैठण : नाव आधी की पैठणी आधी?

प्रश्न असा आहे की पैठणीवरून गावाचे नाव पैठण पडले का, आणि त्यात 'पेठ' हा शब्द दडला आहे का. दोन्हींचे उत्तर 'नाही' असेच आहे. कोल्हापूरची ती कोल्हापुरी, तशी पैठणची ती पैठणी. गाव साडीपेक्षा कितीतरी जुने आहे.

मूळ नाव प्रतिष्ठान. 'प्रति' आणि 'स्था' मिळून झालेल्या या शब्दाचा अर्थ घट्ट आधार, पाय रोवून उभे राहण्याची जागा. सातवाहनांच्या राजधानीला हे नाव शोभून दिसते. (प्रयागजवळच्या झूसीचेही जुने नाव प्रतिष्ठानच.)

आता उच्चार कसा बदलला ते पाहू. प्राकृतात 'प्र'मधला र गेला, दोन स्वरांमधला त गळला, 'ष्ठ'चा 'ट्ठ' झाला आणि न चा ण. 'पइट्ठाण' तयार झाले. पुढे अ आणि इ एकत्र येऊन ऐ झाला. 'पेठ'मधल्या ए शी त्याचा संबंध नाही. ष्ठ चा ठ तर आपल्या तोंडात रोजचा आहे: ओष्ठचा ओठ, पृष्ठची पाठ, श्रेष्ठीचा शेठ. 'प्रति'चे मात्र दोन रस्ते झाले. एका रस्त्याने 'पडि' होऊन प्रतिपदेचा पाडवा आणि प्रतिशब्दाचा पडसाद आला. दुसऱ्या रस्त्याने 'पइ' होऊन प्रतिज्ञेची पैज आली. पैठण या पैजेच्या बाजूचे.

पुष्कळ जण 'प्रतिष्ठान' शुद्ध आणि 'पैठण' त्याचे बिघडलेले रूप मानतात. ते मला अजिबात पटत नाही. इसवी सनाच्या 1 ल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात भडोचच्या दक्षिणेला 20 दिवसांच्या वाटेवर असलेल्या या गावाचे नाव 'पैठाना' असे येते, आणि 2 ऱ्या शतकातला ग्रीक भूगोलकार टॉलेमी 'बैठाना' लिहितो. दोघांच्याही लेखनात 'प्रति'चा मागमूस नाही. म्हणजे सातवाहनांच्या काळातच लोक जवळपास आजच्यासारखेच पैठण म्हणत होते. जे नाव सुमारे 2000 वर्षे लोकांच्या ओठांवर टिकले, त्याला बिघडलेले कसे म्हणायचे?

जाता जाता, ठाणे हेही याच कुळातले. शिलाहार राजांच्या कोरीव लेखांत ते 'श्रीस्थानक' आहे. पैठणमधला 'ठण' आणि ठाण्यातला 'ठाण' एकाच 'स्थान'ची लेकरे.