कुठल्या पाटलांचं घर?

प्रश्न : ताई, बेळगावच्या उद्यमबागेत पंप बनवणाऱ्या एका कारखान्यात मी तक्रारींची तिकीट सिस्टीम सांभाळतो. नऊ वर्षांची वीसेक लाख तिकिटं, म्हणजे नोंदवलेल्या तक्रारी, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आहेत. सोमवारी दहा वाजले की सगळं अडकतं. बघायला गेलं तर कोणीतरी नुसतं ‘पाटील’ नाहीतर ‘मोटर’ टाकून शोधत असतं. साहेब म्हणतात, मोठा सर्व्हर घेऊ. घ्यावा का? – एक वाचक, खानापूर

उत्तर : एवढ्यात नको.

हलग्याच्या वेशीवर कुणाला ‘पाटलांचं घर कुठं?’ विचारून बघा. तो उलट विचारेल, ‘कुठल्या पाटलांचं?’ डेटाबेस असं विचारत नाही. तो बापडा वीस लाख दारं वाजवत सुटतो. तुमच्या शोधात शब्दाच्या आधी टक्क्याचं चिन्ह (म्हणजे ‘आधी काहीही असो’) लागत असणार. इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची शोधसूची, अक्षरांच्या क्रमानं लावलेला असतो. पहिलं अक्षरच सांगितलं नाही तर तो सुरुवात कुठून करणार? ‘पहिली ५०च दाखवा’ म्हणूनही सुटका नाही, कारण वर ‘एकूण इतकी’ हा आकडा छापायला सगळी मोजावी लागतात.

त्यात माणूस कंटाळून रिफ्रेश दाबतो. मी स्वतः नोकरीत असताना हे केलंय. सहा वेळा दाबलं, मग चालू क्वेऱ्यांची (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांची) यादी उघडली, तर माझ्याच सहा क्वेऱ्या एकीखाली एक धावत होत्या. पान बंद केलं तरी आतली क्वेरी सहसा थांबत नाही, हे त्या दिवशी कळलं. सगळ्या ऑफिसचं काम बंद, आणि मीच ‘आज नेट स्लो आहे’ म्हणत बसलेली.

पण शोधणाऱ्यांवर चिडू नका. आधी ते असं का शोधतात ते बघा. १ नोव्हेंबर २०१४ला बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं. तुमच्या तिकिटांत बेळगाव, बेळगावी, बेलगाम तिन्ही असतील, वर कन्नड आणि इंग्रजी लिपीतली वेगळीच. मग टेबलावरचा पोरगा ‘ळगा’ एवढंच टाकतो, म्हणजे निदान बेळगाव आणि बेळगावी एकदम सापडतात. तो आळशी नाही, हुशार आहे! त्याला तालुक्याची यादी द्या, म्हणजे गाव टाइप करायचं कामच उरणार नाही. ग्राहकाचा मोबाईल आणि पंपाचा सिरीयल नंबर यांना स्वतंत्र रकाने आणि इंडेक्स द्या. फोनवर बोलताना हे दोन्ही नंबर समोरच्याकडून सहज मिळतात.

मग कुंपण. तालुका किंवा तारीख दिल्याशिवाय नावानं शोध चालूच नये. तालुका दिला पण तारीख कोरी असेल तर मागचे ९० दिवस धरा. अडवताना नुसतं लाल ‘एरर’ नको. ‘तालुका निवडा किंवा मोबाईल नंबर टाका’ असं सरळ लिहा.

शब्दाच्या मधूनच शोधायचं असेल तर पोस्टग्रेसचं ट्रायग्रॅम एक्स्टेन्शन आहे, ते शब्दाचे तीन-तीन अक्षरांचे तुकडे करून इंडेक्स लावतं. त्यालाही किमान तीन अक्षरं लागतात, दोन अक्षरांवर ते हात टेकतं. ‘मोटर’ला मात्र कुठलाच इंडेक्स तारणार नाही. पंपाच्या कारखान्यात निम्म्या तक्रारींत मोटर असायचीच.

शेवटची कडी स्टेटमेंट टाइमआउटची, म्हणजे ठरलेल्या वेळेपलीकडे चालणारी क्वेरी आपोआप तोडायची. वेबसाठी डेटाबेसचा जो युजर असेल त्यालाच १५ सेकंद लावा. सगळ्या सर्व्हरला लावलात तर रात्रीचे मोठे रिपोर्ट आणि इंडेक्स बांधणंही मधेच तुटेल, आणि पहाटे फोन तुम्हालाच येईल. महिनाअखेरचे रिपोर्ट जमलं तर वेगळ्या रेप्लिकावर (डेटाबेसच्या दुसऱ्या प्रतीवर) न्या.

साहेबांना कोटेशनच्या आधी लॉग, म्हणजे डेटाबेसची नोंदवही, दाखवा. दोन सेकंदांपेक्षा जास्त चाललेली प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये पडेल अशी सेटिंग आजच करा. सोमवारचा दहा ते अकराचा तुकडा, ग्राहकांची नावं-नंबर खोडून, मलाही पाठवा.