ब्रान मॅक मॉर्न खरा होता का?

प्रश्न : अमेरिकन लेखक रॉबर्ट ई. हॉवर्ड यांच्या कथांमधला पिक्ट लोकांचा (म्हणजे प्राचीन स्कॉटलंडमधल्या एका जमातीचा) राजा ब्रान मॅक मॉर्न खरोखर होऊन गेला का? मुलगा ‘हो’ म्हणतो, मला पटत नाही. (एक वाचक, सांगली)

उत्तर : तुमचंच बरोबर. ब्रान कुठल्याही इतिहासात सापडत नाही. टेक्सासमधल्या क्रॉस प्लेन्स या लहानशा गावात राहून हॉवर्डने त्याला घडवलं. पण मुलाचं तसं का झालं, तेही मला कळतं. कथेतलं एबोराकम म्हणजे आजचं यॉर्क. आणि रोमनांनी १२२ साली उत्तर इंग्लंडात बांधायला घेतलेली हेड्रियनची भिंत आजही उभी आहे, तुकड्यातुकड्यांनी का होईना.

मुलाला १९३२ साली छापून आलेली ‘वर्म्स ऑफ द अर्थ’ ही कथा पुन्हा वाचायला सांगा. ब्रान वेष बदलून, स्वतःच्याच दरबारचा वकील म्हणून रोमन सुभेदाराशेजारी उभा आहे. समोर त्याच्या एका माणसाला क्रुसावर खिळे ठोकताहेत आणि राजाला गप्प राहून बघावं लागतंय. मग तो पेटतो. सूड घेण्यासाठी जमिनीखाली राहणाऱ्या एका भयाण जमातीची मदत घेतो. कधीकाळी पिक्टांच्याच पूर्वजांनी तिला जमिनीखाली हुसकून लावलेलं असतं. आज रोम पिक्टांना रेटतंय, अगदी तसंच. शेवटी सुभेदार हाती लागतो, पण वेडा झालेला. सूडासाठी उपसलेली तलवार ब्रानला दयेपोटी चालवावी लागते. ते पान मी कितीदा वाचलंय, तरी गळा दाटून येतोच.

इतिहास म्हणून मात्र जपून वाचावं. हॉवर्डचे पिक्ट बुटके, काळेसावळे आणि कुठल्यातरी आदिम वंशाचे आहेत. त्या काळच्या पुस्तकांत तसंच लिहिलेलं असायचं. आजचे अभ्यासक त्यांची भाषा वेल्शच्या जवळची मानतात. ‘किंग्ज ऑफ द नाइट’मध्ये तर रोमनांशी लढायला ब्रानच्या बाजूने नॉर्स, म्हणजे व्हायकिंग, योद्धे येतात. रोमनांनी ब्रिटन सोडलं ४१०च्या सुमारास, नॉर्स लोकांची इंग्लंडच्या लिंडिस्फार्न बेटावरची धाड, तिथल्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या धाडींपैकी एक, ७९३ची. कुठे मेळ बसणार?

पिक्टांचा खरा राजा हवा असेल, तर ब्रिडेई घ्या. ६८५ साली त्याने उत्तर इंग्लंडातल्या नॉर्थम्ब्रियाच्या एजफ्रिथ राजाला लढाईत मारलं. मुलीकडे स्कॉटलंडमधल्या डंडीला गेलो होतो, तेव्हा फोरफारजवळच्या अॅबरलेम्नोला जाऊन आलो. चर्चच्या आवारात एक शिळा आहे. (हिवाळ्यात तिथल्या शिळा लाकडी पेट्यांत बंद असतात, उन्हाळ्यातच जावं.) मागच्या बाजूला लढाई कोरली आहे, बरेच जण ती हीच मानतात. एकीकडे नाकावर पट्टी असलेल्या शिरस्त्राणांचे स्वार, दुसरीकडे उघड्या डोक्याचे पिक्ट. उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, एक शिरस्त्राणवाला आडवा पडलाय आणि एक पक्षी त्याला टोचतोय. तोच एजफ्रिथ, असं म्हणतात. ते बघायला मी गवतात गुडघे टेकून बसलो होतो.