लिहिलेलं ऐकवायचं कोणाला?

प्रश्न : ताई, मी भांडुपला राहतो, अंधेरीत एका कंपनीत अकाउंट्सला आहे. कॉलेजपासून कथा लिहितोय, सगळ्या मोबाईलमधेच पडून आहेत. घरचे म्हणतात लिहून पोट भरतं का. व्हॉट्सॲप ग्रूपवर टाकली की दहा जण हात जोडलेले इमोजी टाकतात, वाचली की नाही तेही कळत नाही. आमच्या ओळखीत साहित्यातलं कोणी नाही. नोकरी सोडून पूर्णवेळ लिहू का? सुरुवात नेमकी कुठून करू?

उत्तर : अरे आधी ते नोकरीचं डोक्यातून काढ. मराठीत नुसत्या कथांवर घर चालवणारे फार थोडे, आणि घरभाड्याचं टेन्शन असलं की लिहिणं होत नाही. कवी नारायण सुर्वे आठव, गिरणीत काम केलं, शाळेत शिपाई होते, मग शिक्षक झाले आणि 1962 साली पहिला कवितासंग्रह आला. त्यांच्या कवितेत जी मुंबई आहे ती त्या कामातूनच आलीये ना. तुझ्याकडे मार्च एंडिंग आहे, भांडुपची डोंगरावरची वस्ती आहे, घाटकोपरला मेट्रो बदलतानाची गर्दी आहे, हे आतून माहीत असलेला माणूस लिहितोय म्हटल्यावर मला तर खरंच वाचावंसं वाटतं.

तुझा खरा प्रॉब्लेम वेगळा आहे असं मला वाटतं. तुला नीट वाचणारं कोणी नाहीये. इमोजीने कथा सुधारत नाही. आणि असे वाचणारे आयते मिळत नाहीत, जमवावे लागतात.

1954 साली मुंबईत रमेश समर्थ, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे या तरुण कवींनी आणि त्यांच्या मित्रांनी शब्द नावाचं अनियतकालिक, म्हणजे ठरलेल्या तारखेला न निघता जमेल तेव्हा निघणारा अंक काढला, तोही सायक्लोस्टाइल करून, म्हणजे स्टेन्सिलवरून स्वस्तात प्रती काढून. चित्रे तेव्हा जेमतेम पंधरा-सोळा वर्षांचे! मोठं मासिक कधी छापेल याची वाट बघत बसले नाहीत, एकमेकांचं वाचलं, भांडले, जमेल तसं छापलं. पुढे साठच्या दशकात लघुनियतकालिकांची, म्हणजे लेखकांनी स्वतःच काढलेल्या अशा छोट्या अंकांची जी चळवळ झाली तिची सुरुवात बरेच जण तिथपासून धरतात. पैसा नव्हता, ओळखी नव्हत्या, चार जण मात्र होते.

आता तुझे चार जण कुठे मिळतील? दादरला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, 1898 पासूनचं, गिरगावात साहित्य संघ आहे, 1935 चा. तिकडच्या एखाद्या कार्यक्रमाला जा, पण भाषण संपलं की लगेच लोकल पकडायला पळू नकोस, ज्याने चांगला प्रश्न विचारला त्याच्याशी जाऊन बोल, काय वाचताय विचार. जवळच्या लायब्ररीत पुस्तकं देणाऱ्या काकांना विचार, आपल्याकडे कथा कोण कोण नेतं हे त्यांना बरोबर माहीत असतं. सुरुवातीला लाज वाटेल पण लिहिणारे लोक मुळात एकटे असतात रे, कोणी आपणहून बोलायला आलं की त्यांना बरंच वाटतं.

तिघं-चौघं झालात की महिन्यातला एक रविवार ठरवून टाका, दुसरा तर दुसरा, आणि तो हलवू नका, दोघंच आले तरी बसा. जागा दादरला बघा, वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्हीकडच्यांना सोयीचं पडतं, शिवाजी पार्कचा कट्टा फुकट आहे, पावसाळ्यात कोणाच्या तरी घरी. कथा मोठ्याने वाचायची. मोठ्याने वाचताना खोटे संवाद लगेच कळतात, जीभच अडखळते. नंतर बाकीचे बोलतील तेव्हा लिहिणाऱ्याने गप्प बसायचं, मला असं म्हणायचं होतं हे वाक्य बंद, कारण अंकात छापून आल्यावर समजवायला तू वाचकाशेजारी बसणार नाहीयेस. आणि नुसतं छान आहे म्हणायचं नाही, लक्ष कुठे उडालं, कोणतं पात्र खरं वाटलं नाही, ते सांगायचं. ज्याने या महिन्यात काही लिहिलं नाही त्यानेही यायचंच, दुसऱ्याचं ऐकायला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. फक्त स्वतःची कथा वाचून निघून जाणाऱ्या लोकांमुळे चांगले ग्रूप मोडलेले मी पाहिलेत आणि प्रत्येक वेळी वाईट वाटलंय.

घरच्यांशी वाद घालू नकोस. पगार घरी येतोय तोवर एक रविवार तुझा आहे एवढं प्रेमाने सांग.

प्रश्न : मी बोरिवलीची गृहिणी, वय 58. कविता करते. दुसऱ्यांना ऐकवली आणि कोणी चोरली तर? एक प्रकाशक पैसे भरा, पुस्तक काढतो म्हणतायत, त्यात आयएसबीएन म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचेही वेगळे पैसे लावलेत. भरू का?

उत्तर : काकू, चोरीची भीती मनातून काढा. आपल्या 1957 च्या कायद्यानुसार कविता लिहून झाली की कॉपीराइट तुमचाच, नोंदणी सक्तीची नाही, आणि तो तुमच्या हयातीत आणि पुढे 60 वर्षं राहतो. तारीख घालून स्वतःलाच मेल करून ठेवा, कधी वाद झालाच तर दाखवायला काहीतरी असतं. पण भीतीपोटी कविता वहीत कोंडून ठेवू नका हो, ऐकवा.

पैशाचं म्हणाल तर आयएसबीएन आपल्याकडे सरकार फुकट देतं, त्याचे वेगळे पैसे मागतायत म्हणजे बाकीचा हिशोबही नीट तपासा. स्वखर्चाने पुस्तक काढण्यात काही वाईट नाही, कितीतरी चांगले कवितासंग्रह तसे आलेत, पण प्रती किती छापणार, दुकानात कोण पोचवणार, हक्क कोणाकडे राहणार, हे लेखी हातात आल्याशिवाय एक रुपया देऊ नका. त्याआधी दिवाळी अंकांना पाठवून बघा ना. त्यांचं काम उन्हाळ्यातच सुरू होतं, जुलै-ऑगस्टपर्यंत बहुतेकांचा मजकूर ठरत आलेला असतो, म्हणजे गणपतीनंतर पाठवलंत तर उशीर होतो. कविता युनिकोडमधे, म्हणजे मोबाईलवर मराठी लिहितो तशा टाइप करा, भाच्याला वगैरे बसवा हवं तर. आणि जी पाठवणार ती फेसबुकवर टाकू नका, बरेच संपादक मग ती आधी प्रसिद्ध झालेली धरतात. उत्तर आलं नाही तर दोन-तीन महिन्यांनी एकदा विचारा आणि तीच कविता दुसरीकडे पाठवा.