स्टँडवरचा डबा पुन्हा सुरू कर

ताई, सप्रेम नमस्कार.
मी कवठेमहांकाळकडच्या एका गावातली. सांगलीत विश्रामबागेला कॉटबेसिसवर राहते, बी.एस्सी.चं दुसरं वर्ष. पहिल्या वर्षी आईचा डबा रोज एसटीनं यायचा. स्टँडवरून आणण्यात तास जायचा, लेक्चर बुडायचं. म्हणून ‘मेसचं जेवण चांगलं आहे’ असं सांगून मी डबा बंद केला. खरं तर मेस एकवेळचीच लावलीय. सकाळी चहा-खारी, संध्याकाळी वडापाव नाहीतर परत चहा. रात्री अडीचपर्यंत वाचते, सातला उठते. आता जिना चढला की धाप लागते, केस मूठमूठ गळतात, परवा प्रॅक्टिकलला डोळ्यांपुढं अंधारी आली. वाचलेलं राहत नाही. घरी कळलं तर ‘बास झालं शिक्षण’ म्हणतील. मी आळशी झालेय का?
– एक मुलगी, सांगली

बाळ, आळशी मुलगी रात्री अडीचपर्यंत पुस्तक धरून बसत नाही. तो शब्द आधी डोक्यातून काढ.

मी साताऱ्याला शिकत होते तेव्हा मैत्रिणींबरोबर अजिंक्यतारा चढताना नेहमी मागं राहायचे. आपल्यात दमच नाही, असं समजून दोन वर्षं गप्प राहिले. मग कुणीतरी रक्त तपासायला लावलं, तेव्हा कारण कळलं. तुझं पत्र वाचताना तीच मी दिसत होते, म्हणून जरा हक्कानं लिहिते.

या आठवड्यात रक्त तपास. परीक्षा झाल्यावर नको, याच आठवड्यात. सांगलीचं सिव्हिल किंवा मिरजेचं शासकीय रुग्णालय, विश्रामबागेतून दोन्हीकडं सहज जाता येतं. केसपेपर काढ आणि मला लिहिलंस ते सगळं डॉक्टरांना सांग. धाप, अंधारी, केस गळणं, लक्ष न लागणं हे सगळं हिमोग्लोबिन कमी झाल्यानं होऊ शकतं. रक्तच ऑक्सिजन कमी नेतंय म्हटल्यावर हृदयाला जास्त पळावं लागतं, जिन्यावर धाप लागते ती त्यामुळं. तुझ्या वयाच्या मुलीचं हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेलं की रक्तक्षय धरतात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका त्यात निघाल्या. म्हणजे तुझ्या खोलीतल्या बाकीच्या मुलींनाही घेऊन गेलीस तरी चालेल. थायरॉईड किंवा बी-१२ चंही कारण असू शकतं, ते डॉक्टर बघतील. मेडिकलमधून टॉनिकची बाटली मात्र परस्पर आणू नकोस.

पत्रात पाळीबद्दल एक अक्षर नाही, म्हणून मीच विचारते. अंगावरून जास्त जातं का? सात दिवसांच्या वर चालतं का, दर तास-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? असेल तर तेही न लाजता सांग. खाण्यातून कितीही भर घातली तरी तिकडून गळत राहिलं तर भरणार कसं?

लोहाच्या गोळ्या दिल्या तर त्या चहा-दुधाबरोबर घेऊ नकोस, लिंबूपाण्याबरोबर घे. शौचाला काळं होतं, थोडं बद्धकोष्ठ होतं. घाबरून सोडायच्या नाहीत. पोटाला फारच त्रास झाला तर डॉक्टरांना विचारून वेळ बदल. आकडा वर आला तरी साठा भरायला आणखी काही महिने लागतात, तेवढे दिवस चालू ठेव. गूळ, खजूर, तासगावचा बेदाणा जरूर खा, पण त्यावर भागेल म्हणून गोळी टाळू नकोस. आणि जेवणाला लागून चहा नको. अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही तो.

झोपेचं थोडक्यात सांगते. साडेचार तासांत तुझं भागणार नाही, या वयाला किमान सात तास हवेत. वाचलेलं पक्कं होतं ते झोपेतच. साडेअकराला दिवा घालव, संध्याकाळचा दुसरा चहा बंद कर.

आता आईचं. खरी गाठ इथं आहे असं मला वाटतं. एसटीनं परत गेलेला रिकामा डबा बघून तिला रोज कळायचं, पोरगी जेवली. तो बंद झाल्यापासून तिला तुझ्या शब्दावरच विसंबावं लागलंय, आणि तो शब्द खोटा आहे. तू भीतीपोटी बोललीस, मला कळतं. म्हणून आधी तपासणी कर, औषध हातात घे, मग फोन कर. दुपारी कर, आई एकटी असेल तेव्हा. ‘आई, मेसचं खोटं सांगितलं. रक्त कमी आहे, औषध सुरू केलंय. डबा परत पाठवशील का?’ एवढंच बोल. दुखणं आणि त्यावरचा इलाज एकदम ऐकला की घरचे कमी घाबरतात, हा माझा अनुभव आहे. वडिलांना कसं सांगायचं ते तिच्यावर सोड.

डबा रोज नसला तरी चालेल. तुझ्या भागातली आणखी एखादी मुलगी गाठ, एक दिवस तिनं आणायचा, एक दिवस तू. आईला भाकरी, मटकीची नाहीतर हुलग्याची उसळ आणि लिंबाची एक फोड द्यायला सांग. कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी चार दिवस टिकते. सकाळच्या खारीच्या जागी ती खा.

तुझ्या पत्राच्या शेवटी एक ओळ खोडलेली आहे. मी ती उजेडात धरून वाचली नाही. पण ‘नकोच हे सगळं’ असं काही मनात येत असेल तर रूममेटला उठव आणि १४४१६ ला फोन लाव. मनाच्या त्रासात मदत करणाऱ्या टेली-मानस सेवेचा नंबर आहे, सरकारी, फुकट, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि बसल्याजागी धाप लागली, छातीत धडधड थांबेना किंवा चक्कर येऊन पडलीस, तर माझ्या किंवा कुणाच्याच उत्तराची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठ.

रिपोर्ट आला की आकडा कळव. आणि आई काय म्हणाली तेही.

तुझी,
ताई